माझ्या नावाने खेळलेले डाव

दिगू,

मला पोकरचा कंटाळा आला होता, हे तुला सांगायचं राहिलं. तू जायच्या आठ-नऊ महिने आधीच आला होता. काल मुलुंडला तुझं तेरावं झालं, गोडाचं जेवलो, आणि आज सकाळी चहा झाल्याझाल्या हे लिहायला बसलोय. तू असतास तर म्हणाला असतास, "मेल्या, कंटाळो इललो तर तेव्हाच सांगूक नको?" खरं आहे. पण तुझ्या बाबतीत माझं पहिल्यापासून हेच झालंय. जे सांगायचं ते मी वेळेवर सांगितलंच नाही. त्यातली एक गोष्ट तर वीस वर्षांपूर्वीची आहे, आणि ती तुलाही ठाऊक आहे. तिच्यापाशी येणारच आहे. आज टाळणार नाही.

आपली दोस्ती पत्त्यांमुळेच झाली. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आपला तो खोकल्याच्या औषधाचा कारखाना. कारखाना कसला, मधली भिंत पाडून जोडलेले दोन गाळे. तू लेबलाच्या मशीनवर, मी तपासनीस. माझं काम सोपं होतं. बॅच सुरू होण्याआधी मशीनवरचा तारखेचा शिक्का बरोबर लावलाय का ते बघायचं आणि कागदावर सही करायची. सहीशिवाय मशीन चालू करायचं नाही, हा नियम. दुपारच्या सुट्टीत उलट्या खोक्यावर मेंढीकोट, आणि त्यात तू आणि मी कायमचे भिडू. तू कान खाजवलास की बदाम, नाक पुसलंस की इस्पिक. ही आपली चोरी अख्ख्या कारखान्याला माहीत होती, तरी आपण वर्षानुवर्षं त्याच खुणा केल्या. कुणी बोललं की तू वर तोंड करून म्हणायचास, "सर्दी झाली हा माका, नाक पण पुसू नको?" डबा आपण पाच मिनिटांत संपवायचो. घास नीट चावायचोही नाही.

त्या घाईतच ते घडलं. एका दुपारी तू मशीनवरून हाक मारलीस, "शऱ्या, शिक्को बघून जा." पत्ते वाटून झाले होते. मी खोक्यापाशी बसूनच ओरडलो, "बरोबर आहे, चालू कर, सही नंतर करतो." शिक्क्यावर गेल्या वर्षाचं साल होतं. सगळी बॅच दुकानांतून परत आली. मालकाने सगळ्यांना उभं करून विचारलं, सही नसताना मशीन कुणाच्या सांगण्यावरून चालू केलं? तू माझ्याकडे बघितलंस. मी खाली फरशीकडे बघितलं. तू म्हणालास, "माझाच चुकला." मशीनवर तुझा हात किती साफ होता ते मालकालाही माहीत होतं, तरी त्याने तुला तिथून काढून गोदामात टाकलं. निवृत्त होईपर्यंत तू खोकी चढवत-उतरवत राहिलास. दुसऱ्या दिवशी सुट्टीत तू माझ्यासमोर येऊन बसलास, पत्ते पिसलेस आणि म्हणालास, "बस रे, काय उभो रवलंस?"

त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. तू काढत नाहीस म्हणून मी काढत नाही, असं मी स्वतःची समजूत घालत आलो. तू काढत नाहीस हे माझ्या पथ्यावर पडलं होतं, हे त्यातलं खरं.

मग तू मुलाकडे मुलुंडला राहायला गेलास आणि वर्षभरात तुझ्या किडन्यांनी दगा दिला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा ते तीन, डायलिसिस. एका हातात सुया, तो हलवायचा नाही. चारकोपहून मुलुंडला यायचं म्हणजे दोन बस आणि एक रिक्षा, अर्धा दिवस गेला. तेव्हा तुझ्या मुलाने ही युक्ती काढली. आपल्या दोघांच्या आणि कारखान्यातल्या आणखी दोघांच्या फोनमध्ये पोकरचं ॲप टाकलं. एका अंगठ्याने खेळता येतं, पैशांचा संबंध नाही, रोज सकाळी ॲप सगळ्यांना डावावर लावायला फुकटच्या चिप्स देतं, आणि खेळ बंद केला की लिहिलेलं सगळं पुसलं जातं. प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडी, आणि ज्याच्या मनात धाक बसवायची हिंमत आहे त्याचा डाव. पहिल्या दिवशी तू लिहिलंस, इंग्रजी अक्षरांत मालवणी, "आज सगळ्यांची वाट लावतलंय." आणि लावलीस खरी. ते दोघे दोन महिन्यांत गळाले, एक गावाला गेला, दुसरा भजनी मंडळात रमला. मग आपण दोघंच राहिलो, जन्मभराचे भिडू समोरासमोर.

सुरुवातीला मला काय मजा यायची म्हणून सांगू. अकरा वाजायच्या आत आंघोळ, देवपूजा सगळं उरकून मी खिडकीतल्या खुर्चीवर तयार. हातात काही नसताना तू ढीगभर चिप्स पुढे सारायचास आणि मी गपकन पानं टाकून द्यायचो. मग तू मुद्दाम तुझी पानं उघडून दाखवायचास, दुर्री आणि सत्ती, आणि खाली हसणारी तोंडं. मला राग यायचा आणि मीही हसायचो. ह्या खुन्नसपायीच मी व्हिडिओ बघायला लागलो. कुठली पानं आली तर किती शक्यता, कधी पुढे जायचं, कधी सोडायचं, सगळं वहीत उतरवून पाठ केलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी तपासनीस. आणि झालं काय, तर मला खेळ आला आणि खेळातली गंमत गेली. तू काय करणार ते आधीच कळायला लागलं. मी जिंकत सुटलो. तू लिहिलंस, "पोकर माणसांचो खेळ. गणित करूचा तर शाळेत जा." मी उलट लिहिलं की पत्ते म्हणजे गणितच, बाकी सगळा भ्रम. हा वाद आपण कित्येक मंगळवार घातला. तो तसाच अर्धवट राहिला, आणि त्यात तू बरोबर होतास, हे आता लिहून देतो.

मग तुझी तब्येत आणखी उतरली आणि मी मुद्दाम हरायला लागलो. आजारी माणसाला काय हरवायचं, म्हणून. दोन आठवड्यांत तुला वास आला. "मशीनीक लावलेलो आसंय म्हणान माझी कीव करतंस?" मी लिहिलं, "छे रे, पानंच पडत नाहीत." तू पुढचा डाव लावलास. त्या दिवसापासून मला कंटाळा आला. जिंकलो तरी तोंड कडू, हरलो तरी. पानं यायची, अंगठा आपोआप चालायचा, डोळे समोरच्या बिल्डिंगवर. शाळेत शेवटच्या तासाला बसल्यासारखं व्हायचं. चार तास, आठवड्यातून तीनदा. तुला सांगणार कसं? तू खुर्चीला जखडलेला, मी घरात पंख्याखाली, आणि कंटाळा आला मला.

एका गुरुवारी बाथरूमचा नळ गळायला लागला म्हणून प्लंबर आला. मी फोन सुनंदाच्या हातात दिला. "जरा बघ, काही करू नकोस. नुसती पानं टाकत राहा." अर्ध्या तासाने आलो तर बाई पुढे वाकून बसलेल्या, चष्मा नाकावर. म्हणाली, "गप रे, तो विचार करतोय." तिने हातात काही नसताना सगळ्या चिप्स पुढे लोटल्या होत्या. तू पानं टाकलीस. मग तिने तुझ्यासारखीच आपली पानं उघडी करून दाखवली, आणि तुझा मेसेज आला, "आज जागो झालंस रे! इतके दिवस खय होतंस?"

तुला माझी बायको माहीत होती ती पाहुण्यांना तळलेली सुरमई वाढणारी. गोराईच्या कोळीवाड्यातली आहे ती, लग्नापर्यंत आईबरोबर बोरिवलीच्या बाजारात पाटीमागे बसली. मी तिला शक्यता समजावायला गेलो तर म्हणाली, "मला नको सांगू. पापलेट कालचं असलं तर आई भाव उतरवायची नाही, चढवायची. भाव उतरवला की गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं. भाव बोलायचा आणि गप बसायचं. जो आधी बोलला तो गेला." ह्या एका शहाणपणावर तिने तुला आठ महिने झुंजवलं. जिंकायची, हरायची, पण कीव कधी केली नाही. पुढच्या शनिवारी मी काही न बोलता फोन तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावला. मग ते नेहमीचंच झालं. अकरा वाजता ती कुकर उतरवून खुर्चीवर, आणि मी पिशवी घेऊन बाहेर. वाचनालय, भाजी, गार्डन. सुटल्यासारखं वाटायचं. लाजही वाटायची, पण सुटल्याचं सुख जास्त होतं.

फोनवर बोललं की तुला धाप लागायची, म्हणून तू फोन करायचा नाहीस. महिन्या-दीड महिन्याने मी एकटाच मुलुंडला यायचो. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी सुनंदाची शिकवणी. "हे बघ, मंगळवारी त्याने राणीची जोडी घेऊन मला गोत्यात आणलं, ते विचारेल. आणि त्याच्या नातीचा दात पडलाय, ते विसरू नको." मी परीक्षेला निघाल्यासारखा निघायचो. तू पलंगावर बसून म्हणायचास, "काय खेळलंस रे त्या दिवशी, झकास." मी मान डोलवायचो. एकदा तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलास, मग उशी नीट केलीस आणि म्हणालास, "हय समोर बसलंस की तू अगदीच गप असतंस. थय फोनवर काय ती गजाल." मी म्हणालो, "समोर लाज वाटते." तू हसलास. वहिनी चहा घेऊन आल्या आणि विषय बदलला.

तू रविवारी गेलास, घरीच, दुपारी झोपेत. बुधवारी आम्ही दोघं भेटायला आलो. हॉलमध्ये खुर्च्यांवर पुरुष, आतल्या खोलीत बायका. सुनंदा आत गेली. नंतर कळलं, तिथे एका बाईने तिला विचारलं, तुमची ओळख होती का, तर ती म्हणाली, "ह्यांचे मित्र." मग मीनावहिनी बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? डायलिसिस नको म्हणून हट्ट धरून बसायचे. तुमचा खेळ रंगायला लागला आणि मग स्वतःच तयार होऊन बसायचे. शऱ्या वाट बघत असतलो, म्हणायचे. हे शेवटचे महिने तुमच्यामुळे बरे गेले त्यांचे." सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडून म्हणालो, "अहो वहिनी, त्यात काय एवढं." सुनंदा दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. पुन्हा तेच केलं मी, दिगू. ह्या वेळी मान खाली घालायचीही गरज पडली नाही.

येताना पवईपासून आम्ही रिक्षा केली, आरे कॉलनीतून. गोठ्यांचा वास आला, झाडी लागली, आणि सुनंदा रडायला लागली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलत होते. तिची आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी म्हणालो, "अगं, इतकं काय?" ती म्हणाली, "तुझा मित्र जाऊन चार दिवस झाले. माझा पण गेलाय."

मग तिने सांगितलं. तुम्ही नुसते खेळत नव्हता. सुया टोचतात तेव्हा कसं होतं, मशीनचा आवाज आला की कशी भीती वाटते, मुलाच्या घरी आपण अडचण झालोय असं कधीकधी कसं वाटतं, हे सगळं तू लिहायचास. मला, म्हणजे तिला. आणि जायच्या पंधरा दिवस आधी एका मंगळवारी मधेच डाव थांबवून तू लिहिलंस, "शऱ्या, एक इचारू? त्या शिक्क्याच्या दिवशी तू गप कित्याक रवलंस?"

मी विचारलं, "मग?"

"मग काय. मी बघत बसले. त्याने परत लिहिलं, जावंदे, खेळ."

"आणि तू?"

"मी लिहिलं, चुकलं माझं. घाबरलो होतो."

मी रिक्षावाल्याचं भान न ठेवता आवाज चढवला. "तुला कुणी सांगितलं होतं? माझ्या नावाने माफी मागायचा अधिकार तुला कुणी दिला?"

"फोन तूच दिलास," ती म्हणाली. "आणि घाबरला होतास हे मला माहीत आहे. त्या रात्री तू जेवला नव्हतास. मी तेव्हाच म्हटलं होतं, उद्या जा आणि मालकाला सांग. तू वीस वर्षं उद्याच म्हणत बसलास. त्या माणसाकडे तेवढे उद्या नव्हते."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, मिटव ते, डाव चालू कर."

मी तसंच म्हणालो असतो. मी तिला विचारलं की तू त्यावर काय लिहिलंस. ती म्हणाली, बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं नर्स आली असेल. मग आलं, "बरा झाला बोललंस. चल, खेळ आता." त्या दिवशी तू सगळे डाव हरलास आणि एकदाही चिडला नाहीस.

घरी येऊन मी दोन दिवस सुनंदाशी धड बोललो नाही. राग तिचा नव्हता, हे मला कळत होतं. तू मला माफ करून गेलास आणि त्यातलं मी काहीच केलेलं नव्हतं. मी त्या वेळी वाचनालयात पेपर वाचत होतो. कंटाळा आला म्हणून मी खेळ सोडला, आणि खेळाबरोबर तुझे शेवटचे आठ महिने सोडले. मला वाटलं होतं, खेळ म्हणजे नुसती पानं.

काल तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळे बसले होते, तेव्हा मी उठलो. म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही माझे आभार मानलेत, ते मी घेतले. ते माझे नव्हते. गेले आठ महिने दिगूबरोबर ही खेळत होती. मी नव्हतो." कुणीतरी खाकरलं. सुनंदाने माझा शर्ट ओढला, "खाली बस." मी बसलो नाही. "आणि शिक्का मी तपासला नव्हता. मीच चालू कर म्हटलं होतं. त्याने आळ स्वतःवर घेतला." शिक्क्याचं कुणाला काही कळलं नाही, पण वहिनींना कळलं. तू त्यांना सांगितलं होतंस तर. त्यांनी मला काही बोलावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्कही नाही. त्या सुनंदापाशी आल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "आत ये गं. मला सांग, काय काय बोलायचे ते?"

दोघी आत गेल्या आणि दार लोटलं. तासभर आतून आवाज येत होते, कधी रडण्याचे, एकदा चक्क हसण्याचे. बाहेर तुझा मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. त्यानेही तेच विचारलं, "काका, बाबा खेळताना काय बोलायचे हो?" तीस वर्षांचा तुझा दोस्त मी. त्याला सांगायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. म्हणालो, "काकीला विचार, तिला माहीत आहे."

आपल्या मैत्रीत दुसरं माणूस बसलंय हे तुला शेवटी कळलं होतं का, ते मला कळायला मार्ग नाही. सुनंदा म्हणते, नव्हतं. मला कधी वाटतं की होतं, आणि तरीही तू बरा झाला म्हणालास, कारण माझ्याकडून ते यायचं नाही हे तू ओळखून होतास. दोन्हींतलं काहीही असलं तरी माझा वाटा कोराच राहतो.

म्हणून लिहितोय. पत्ते वाटून झाले होते, म्हणून मी शिक्का न बघता चालू कर म्हणालो. मालकासमोर तू माझ्याकडे बघितलंस तेव्हा मी घाबरलो आणि तुला एकटं सोडलं. चुकलं माझं, दिगू. हे तुला एकदा मिळालंय, आणि तेव्हा ते सुनंदाने लिहिलं होतं. आज मी लिहितोय, आणि आता वाचायला तू नाहीस.

शरद